उमेदवारीचे दोन अर्थ : मुक्तस्रोत मार्गदर्शन उपक्रम आणि विद्यार्थ्याचा प्रारंभ

सारांश

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात विद्यार्थ्यांना अनुभवी विकसकांच्या हाताखाली काम करण्याची संधी देणारे अनेक उपक्रम आज उपलब्ध आहेत. आपल्या महाविद्यालयीन वातावरणात त्यांचा विचार प्रामुख्याने निवडीची स्पर्धा म्हणून होतो. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनाची चिकित्सा केली असून, हे उपक्रम मूलतः शिकाऊ उमेदवारीचे आहेत आणि त्यांचा प्रारंभही त्याच रीतीने व्हावयास हवा, असे प्रतिपादन केले आहे. त्याचबरोबर या उपक्रमांच्या रचनेतील मर्यादा, भारतातील दोन वेगळे प्रयोग आणि महाविद्यालयाची भूमिका यांचाही परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, मार्गदर्शन उपक्रम, उमेदवारी, गुगल समर ऑफ कोड, आउटरीची, फॉसी, उच्च शिक्षण.

१. प्रस्तावना

मराठीत 'उमेदवार' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. निवडणुकीला उभा राहणारा किंवा मुलाखतीला बसणारा तो उमेदवार, हा आजचा रूढ अर्थ होय. दुसरा अर्थ आता मागे पडत चालला आहे. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात अथवा शिंप्याच्या दुकानात काम शिकण्यासाठी, पुष्कळदा बिनपगारी किंवा अल्प मोबदल्यावर राबणारा तरुण 'उमेदवारी करतो' असे म्हटले जाई. दोन्ही अर्थांच्या मुळाशी फार्सीतील 'उमेद' म्हणजे आशा आहे. परंतु पहिल्याची आशा निवडीवर खिळलेली असते, तर दुसऱ्याची हातात येत जाणाऱ्या कौशल्यावर. पहिल्याचे भवितव्य निकालाच्या दिवशी ठरते. दुसऱ्याचे रोजच्या कामातून थोडेथोडे घडत जाते.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुन्हा वितरित करता येतो, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अशा सॉफ्टवेअरच्या निर्मितीत विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी गेल्या दोन दशकांत जे मार्गदर्शन उपक्रम उभे राहिले, त्यांच्याकडे पाहताना 'उमेदवार' शब्दातील हा भेद उपयोगी पडतो. हे उपक्रम शिकाऊ उमेदवारीसाठी निर्माण झाले. विद्यार्थी मात्र त्यांच्याकडे बहुधा निवडीचा उमेदवार म्हणून जातो. या विसंगतीतून विद्यार्थ्याचे, प्रकल्पांचे आणि महाविद्यालयांचे जे नुकसान होते, त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उपक्रमांचे स्वरूप

या प्रकारच्या उपक्रमांत सर्वाधिक परिचित असलेला 'गुगल समर ऑफ कोड' २००५ साली सुरू झाला. उन्हाळी सुट्टीत विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष वापरात असलेल्या सॉफ्टवेअरवर काम करावे, त्यांना प्रकल्पातील अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन मिळावे आणि कंपनीने विद्यावेतन द्यावे, अशी त्याची मूळ कल्पना होती. पहिल्या वर्षी २०० जागांचा विचार असताना ८,७००हून अधिक प्रस्ताव आले आणि जागा वाढवून ४००च्या पुढे न्याव्या लागल्या. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. गुगल ही कंपनी निधी आणि वेळापत्रक पुरवते. परंतु काम कोणते करावयाचे, कोणाला घ्यावयाचे आणि ते काम स्वीकारावयाचे की नाही, हे त्या त्या मुक्तस्रोत प्रकल्पाचे स्वयंसेवक ठरवतात. म्हणजे विद्यार्थी ज्याच्यापुढे उभा राहतो तो नोकरी देणारा अधिकारी नसून स्वतःच्या वेळातून मार्गदर्शन करणारा जाणकार असतो.

२०२२पासून हा उपक्रम केवळ विद्यार्थ्यांपुरता न राहता अठरा वर्षांवरील नवोदितांसाठी खुला झाला. पूर्वीचा एकच पूर्णवेळ आराखडा जाऊन आता सुमारे ९०, १७५ आणि ३५० तासांचे प्रकल्प घेता येतात. 'आउटरीची' हा दुसरा महत्त्वाचा उपक्रम वर्षातून दोन वेळा चालतो आणि तंत्रक्षेत्रात ज्यांना प्रतिनिधित्व कमी मिळाले आहे अशा गटांना प्राधान्य देतो. लिनक्स फाउंडेशनचाही स्वतंत्र मार्गदर्शन उपक्रम आहे. या सर्वांच्या नियमांत फरक असला, तरी 'अनुभवी व्यक्ती, नवोदित आणि खरे काम' ही त्रिसूत्री सर्वत्र सारखी आहे.

३. 'प्रारंभ कसा करावा' : प्रचलित उपदेशाची चिकित्सा

विद्यार्थ्यांमध्ये या उपक्रमांविषयी जो उपदेश तोंडोतोंडी आणि चित्रफितींतून फिरतो, त्याचे स्वरूप साधारणतः पुढीलप्रमाणे असते. सहभागी संस्थांची यादी जाहीर होताच गतवर्षी अधिक जागा मिळालेली संस्था हेरावी. पूर्वी यशस्वी ठरलेले प्रस्ताव मिळवून त्यांचा साचा वापरावा. नवोदितांसाठी राखून ठेवलेल्या सोप्या त्रुटींपैकी एखादी लवकर आपल्या नावावर करून घ्यावी. मार्गदर्शकाच्या नजरेसमोर सतत राहावे.

या उपदेशातील कोणतेही वाक्य पूर्णतः चूक नाही. दोष आहे तो त्याच्या रोखात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीची पद्धत येथे जशीच्या तशी उचललेली आहे. जुने प्रश्नसंच, अपेक्षित प्रश्न आणि गुणांचे गणित ही आपल्या विद्यार्थ्याला शालेय वयापासून परिचित असलेली साधने आहेत. ती वापरण्याबद्दल त्याला दोष देता येत नाही, कारण व्यवस्थेने त्याला दुसरी साधने दिलेलीच नाहीत. परंतु परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास त्या उत्तराचा पुढे काही उपयोग नसतो. मुक्तस्रोत प्रकल्पात विद्यार्थ्याने पाठवलेला बदल स्वीकारला गेला, तर तो इतरांच्या संगणकावर चालणार असतो. उत्तर लिहिणे आणि वस्तू घडवणे यांतील हा फरक प्रचलित उपदेशात कोठेही येत नाही.

त्याचे परिणाम प्रत्यक्ष दिसले आहेत. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ साली 'हॅक्टोबरफेस्ट' हा उपक्रम सुरू केला. ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने पूल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमध्ये बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, पाठवणाऱ्यास टी-शर्ट मिळत असे. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये चार विनंत्यांचा कोटा पुरा करण्यासाठी निरर्थक बदलांचा इतका पूर लोटला, की काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलावे लागले आणि ज्या प्रकल्पांनी संमती दिली असेल त्यांच्यापुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. २०२३मध्ये टी-शर्ट देण्याची प्रथाही थांबली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२४च्या आरंभी 'एक्सप्रेस' या जगभर वापरल्या जाणाऱ्या वेब प्रणालीच्या माहितीपत्रकात केवळ स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या. पूल रिक्वेस्ट कशी पाठवावी हे शिकवताना एका भारतीय शैक्षणिक चित्रफितीत या प्रकल्पाचे उदाहरण घेतले होते आणि पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती कृती तंतोतंत गिरवली. या विद्यार्थ्यांची थट्टा पुष्कळ झाली. परंतु थट्टेने प्रश्न सुटत नाही. त्यांनी वर्गात जे नेहमी केले तेच येथेही केले होते. फळ्यावरचे उदाहरण वहीत उतरवून घेतले होते. ही वही दुसऱ्या कोणाची तरी आहे आणि तिचे प्रत्येक पान कोणीतरी माणूस वाचतो, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

भाषा तयार करून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या प्रवृत्तीस आणखी वेग दिला आहे. 'कर्ल' या प्रकल्पाचे प्रमुख डॅनिएल स्टेनबर्ग यांनी २०२४पासून अशा साधनांनी लिहिलेल्या, वरकरणी व्यवस्थित परंतु आतून पोकळ अशा त्रुटी-अहवालांविरुद्ध जाहीरपणे तक्रार केली आहे. प्रस्ताव लिहिणे जेवढे सोपे झाले, तेवढेच त्यातला खरा प्रस्ताव ओळखणे अवघड झाले. २०२५ साली गुगलच्या उपक्रमात २३,०००हून अधिक प्रस्ताव आले आणि सुमारे १,२८० जणांची निवड झाली. निवड होणे हेच ध्येय मानले, तर उरलेल्या सर्वांचे श्रम व्यर्थ ठरतात. शिकणे हे ध्येय मानले, तर हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो.

४. काठावरून आत : उमेदवारीची रीत

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'सिच्युएटेड लर्निंग' या ग्रंथात शिकाऊ उमेदवारीचा जो विचार मांडला आहे, तो या संदर्भात मार्गदर्शक ठरतो. त्यांच्या मते शिकणे म्हणजे माहिती साठवणे नसून, काम करणाऱ्यांच्या समूहात काठावरून हळूहळू आत सरकणे होय. लायबेरियातील शिंप्यांचे त्यांनी दिलेले उदाहरण विशेष लक्षणीय आहे. तेथील शिकाऊ मुलगा कापड बेतण्यापासून आरंभ करत नाही. तो आधी बटणे लावतो, कडांची हातशिलाई करतो, मग कपडा जोडावयास शिकतो आणि बेतणे सर्वांत शेवटी. कपडा ज्या क्रमाने तयार होतो, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने तो शिकतो. बटण चुकले तर ते उसवता येते. बेतणे चुकले तर कापडच वाया जाते. शिवाय शेवटच्या टप्प्यावर काम करताना पुरा झालेला कपडा कसा दिसतो हे त्याच्या डोळ्यांसमोर राहते.

याच ग्रंथात उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील काही बाजारगृहांत खाटिकाचे काम शिकणाऱ्या तरुणांना वेष्टने बांधण्याच्या यंत्रावर अशा जागी उभे केले जाई, की अनुभवी कारागीर मांस कसे कापतात हे त्यांना दिसतच नसे. ते दुकानात होते, पण कामाच्या परिघाबाहेर होते.

मुक्तस्रोत प्रकल्पांत ही भिंत तत्त्वतः नसते. कोडच नव्हे, तर त्यावरील वाद, नाकारलेले पर्याय आणि निर्णयांची कारणेही वर्षानुवर्षे जतन केलेली असतात. 'सिम्पाय' या गणिती सॉफ्टवेअरचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. बीजगणित, कलन, समीकरणे यांची उत्तरे चिन्हांच्या रूपात काढून देणारा हा प्रकल्प ओंद्रेय चेर्तिक यांनी सुरू केला. २००७ साली पाच विद्यार्थी गुगलच्या उपक्रमातून त्यात आले आणि प्रकल्पाची झपाट्याने वाढ झाली. आरॉन म्युरर हे २००९ साली असेच विद्यार्थी म्हणून आले आणि २०११पासून प्रकल्पाचे नेतृत्व त्यांच्याकडे गेले. बटणे लावणारा मुलगा दोन वर्षांत दुकानाचा कारभारी झाल्याचे हे उदाहरण होय. यंत्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'सायकिट-लर्न' या ग्रंथालयाचा उगमही डेव्हिड कूर्नापो यांच्या २००७मधील अशाच उन्हाळी प्रकल्पात आहे.

सिम्पायमध्ये अर्जदाराने निवडीपूर्वीच किमान एक बदल पाठवून तो परीक्षणातून पार पाडावा, अशी अट असते. ही अट म्हणजे चाळणी आहे, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तो अभ्यासक्रमाचा पहिला धडा आहे. समजा, एखाद्या संकलाचे उत्तर चुकीचे येते अशी नोंद आहे. विद्यार्थ्याने प्रथम ती चूक स्वतःच्या संगणकावर पुन्हा घडवून आणावयाची. मोठे उदाहरण छाटून, जेवढ्यात चूक दिसते तेवढेच उरवावयाचे. कोणत्या बदलानंतर ती शिरली हे इतिहासातून शोधावयाचे. नंतर ती चूक पकडणारी आणि म्हणून आज नापास होणारी चाचणी लिहावयाची. दुरुस्ती त्यानंतर येते. तीही पुष्कळदा दोन-तीन ओळींची असते. मग परीक्षक विचारतो, की ऋण संख्येसाठी हे चालेल काय? विद्यार्थ्याने उत्तर द्यावयाचे, चाचणी वाढवावयाची आणि शेवटी हा बदल वापरणाऱ्यास काय देतो हे एका वाक्यात लिहावयाचे. संशोधन पद्धतीच्या तासाला जे शिकवले जाते, त्यातील निरीक्षण, पुनरावृत्ती, गृहीतक, पडताळणी आणि समवयस्कांचे परीक्षण हे सर्व या लहानशा कामात आले आहे.

विद्यार्थ्याने प्रारंभ कोठून करावा, या प्रश्नाचे उत्तरही यातूनच मिळते. जे सॉफ्टवेअर तो स्वतः वापरतो, ज्याच्या चुकीने त्याचे स्वतःचे काम अडते, तेथून. संस्थेची यादी ही या दृष्टीने दुय्यम गोष्ट आहे. गणिताच्या विद्यार्थ्याने सिम्पायच्या माहितीपुस्तिकेतील एखादे चुकलेले उदाहरण दुरुस्त केले, तर ते बटण लावण्यासारखे काम आहे. पण ते खऱ्या कपड्यावरचे आहे.

५. उपक्रमांच्या मर्यादा

तथापि, सर्व दोष विद्यार्थ्यांच्या दृष्टिकोनाचा आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. उपक्रमांच्या रचनेतही काही प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न दाराचा आहे. दार सर्वांना उघडे आहे, एवढ्याने सर्वजण आत येतात असे नाही. २००६ साली 'नोम' या प्रकल्पाकडे गुगलच्या उपक्रमातून १८१ अर्ज आले. त्यांत एकही स्त्री नव्हती. प्रकल्पाने त्याच उन्हाळ्यात खास स्त्रियांसाठी वेगळे आवाहन केले, तेव्हा शंभराच्या आसपास अर्ज आले आणि सहा जणींना काम देण्यात आले. प्रकल्प तोच होता, काळही तोच होता. बदलली होती ती बोलावण्याची रीत. पात्र स्त्रिया मिळत नाहीत, या नेहमीच्या सबबीला याहून नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल. हाच प्रयत्न मरीना झुराखिन्स्काया यांच्या पुढाकाराने २०१०मध्ये पुन्हा उभा राहिला आणि पुढे 'आउटरीची' झाला.

दुसरा प्रश्न मोबदल्याचा. गुगलच्या उपक्रमात आरंभी सर्व देशांतील विद्यार्थ्यांना समान रक्कम मिळे. २०१७पासून ती त्या त्या देशातील क्रयशक्तीनुसार ठरू लागली आणि भारतीय विद्यार्थी श्रेणीच्या खालच्या टोकाला गेला. आउटरीचीने मात्र सर्व देशांना समान विद्यावेतन ठेवले. रक्कम हा निर्वाहखर्च मानला तर पहिली पद्धत समर्थनीय ठरते. कामाचे मूल्य मानले तर दुसरी. उमेदवारीतील पैसा नेमका कशासाठी असतो, हा जुना प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो. निवडीपूर्वी करावे लागणारे काम दोन्हीकडे बिनमोबदला असते, हेही विसरता येत नाही. ज्याला सुट्टीत घरचे शेतीकाम किंवा अर्धवेळ नोकरी करावी लागते, त्याच्यासाठी 'आधी योगदान द्या' ही अट वाटते तेवढी निरागस नाही.

तिसरा प्रश्न वेळापत्रकाचा. 'समर' हा शब्दच उत्तर गोलार्धातील पाश्चात्त्य विद्यापीठांच्या सुट्टीचा आहे. प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्ये द्यावयाचे आणि काम मेअखेरीस सुरू व्हावयाचे. आपल्याकडे या काळात सत्र परीक्षा चालू असतात, आणि काम रंगात येते तेव्हा मृगाचा पाऊस पडून नवे शैक्षणिक वर्ष सुरू झालेले असते. आपल्या विद्यार्थ्याचा 'उन्हाळा' प्रत्यक्षात पावसाळ्यात, तासिका आणि प्रात्यक्षिके सांभाळून पार पडतो.

चौथा प्रश्न टिकण्याचा. जेफर्सन सिल्वा, इगोर स्टाइनमाकर, मार्को जेरोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा जो अभ्यास केला, त्यात अनेक विद्यार्थी प्रकल्पात कायम राहण्यापेक्षा अनुभव व परिचयपत्रातील नोंद यांसाठी येतात, असे दिसून आले. स्टाइनमाकर यांनी अन्य एका अभ्यासात नवोदितांपुढील ५८ अडथळे नोंदवले असून त्यांतील १३ सामाजिक स्वरूपाचे आहेत. विद्यार्थी टिकत नाहीत याचा दोष केवळ त्यांच्या चंचलतेला देता येत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. आणि शिकाऊ उमेदवार एका दुकानात शिकून दुसरीकडे जातो, यात गैरही काही नाही. हात तर तयार झालेला असतो.

६. भारतातील दोन प्रयोग

वरील मर्यादा लक्षात घेता, निवडीची स्पर्धा टाळून उमेदवारीचा मार्ग खुला करणाऱ्या दोन भारतीय प्रयोगांची दखल घेणे आवश्यक आहे.

पश्चिम बंगालमधील दुर्गापूर येथील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने कुशल दास यांच्या पुढाकाराने २००८पासून उन्हाळी प्रशिक्षण सुरू केले. आयआरसी या केवळ मजकुरावर चालणाऱ्या माध्यमातून हे वर्ग भरत. त्यामुळे मंद इंटरनेट असलेल्या गावातील विद्यार्थ्यासही त्यात बसता येई. वर्गाच्या आरंभी हजेरी होई. ज्याला प्रश्न विचारावयाचा असेल त्याने उद्गारचिन्ह टंकून आपली पाळी येईपर्यंत थांबावे, असा शिरस्ता होता. प्रोग्रामिंगच्या आधी संवाद शिकवला जाई: पत्रसूचीवर उत्तर कसे द्यावे, प्रश्न विचारण्यापूर्वी माहितीपुस्तिका कशी वाचावी, आपले काम लिहून कसे ठेवावे. येथे निवड नव्हती, विद्यावेतन नव्हते, प्रस्तावही नव्हता. पुढे उपयोगी पडणाऱ्या सवयी तेवढ्या होत्या. प्रचलित उपदेश ज्या गोष्टींना किरकोळ समजतो, त्याच या वर्गाने पायाभूत मानल्या.

दुसरा प्रयोग महाराष्ट्रातलाच आहे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'फॉसी' हा प्रकल्प केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून उभा राहिला. त्याच्या 'टेक्स्टबुक कम्पॅनियन' या योजनेत विद्यार्थी एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक घेतो, त्यातील सोडवलेली उदाहरणे सायलॅबसारख्या मुक्तस्रोत साधनात लिहून काढतो, ती तपासली जातात आणि त्याला मानधन मिळते. अशी शेकडो पुस्तके तयार झाली आहेत. या योजनेचे वैशिष्ट्य असे, की प्रवेश अभ्यासक्रमातून होतो. सांगली किंवा नांदेडच्या विद्यार्थ्यास अनोळखी प्रकल्पाच्या दारात उभे राहावे लागत नाही; हातातले पाठ्यपुस्तक हेच दार होते. याच परिसरात आकाराला आलेल्या 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रमाने मराठीसह अनेक भारतीय भाषांतून प्राथमिक धडे दिले, हेही महत्त्वाचे.

या योजनेची मर्यादाही नमूद केली पाहिजे. सोडवलेले उदाहरण आधीच सोडवलेले असते. उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर अपरिचितांशी वाद घालण्याचा अनुभव त्यातून मिळत नाही. तो पहिला टप्पा आहे, अंतिम नव्हे. दुर्गापूरच्या वर्गातील संवादाची शिस्त आणि फॉसीची अभ्यासक्रमाशी असलेली जवळीक या दोन्ही एका महाविद्यालयात एकत्र आणणे मात्र अशक्य नाही.

७. महाविद्यालयाची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यानुभवास श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे मुक्तस्रोत कामाला अभ्यासक्रमात स्थान देण्याची वाट मोकळी झाली आहे. प्रश्न आहे तो मूल्यमापनाचा. निवड झालेल्या विद्यार्थ्याचा सत्कार करणे आणि वार्षिक अहवालात त्याची संख्या नोंदवणे सोपे असते. परंतु ज्याची निवड झाली नाही, पण ज्याचे तीन बदल परीक्षणातून पार पडले, त्याची नोंद आज कोठेही होत नाही. वास्तविक मुक्तस्रोत काम तपासण्यास इतर कोणत्याही कार्यानुभवाहून सोपे आहे. विद्यार्थ्याने काय लिहिले, परीक्षकाने काय आक्षेप घेतले, विद्यार्थ्याने त्यांना काय उत्तर दिले आणि त्यानंतर काय बदलले, हे सर्व तारखेनिशी जाहीर असते. शिक्षकाने ते वाचावयास हवे. नाकारलेला बदलही या दृष्टीने मूल्यवान आहे. नकाराचे कारण विद्यार्थ्याला समजले की नाही, हे त्याच्या पुढच्या बदलात दिसते.

हे काम संगणकशास्त्र विभागापुरते मर्यादित ठेवणेही उचित नाही. आउटरीचीसारख्या उपक्रमांत दस्तऐवजलेखन आणि रचना यांनाही स्थान आहे. मराठी विभागासाठी तर येथे स्वतंत्र क्षेत्र आहे. अनेक मुक्तस्रोत प्रणाली मराठीत आणण्याचे काम स्वयंसेवक करतात. 'अमुक हटवले' असा एकच संदेश इंग्रजीत फाइल आणि फोल्डर या दोहोंना चालतो. मराठीत फाइल हटवली जाते, फोल्डर हटवला जातो आणि अनेक फायली हटवल्या जातात. रिकाम्या जागी कोणते नाम येणार आणि त्याचे लिंग कोणते, हे ठाऊक असल्याशिवाय क्रियापद लिहिताच येत नाही. मूळ रचनेतच दोन संदेश वेगळे हवेत, हे सोदाहरण दाखवून देणे हे खरे तांत्रिक योगदान आहे, आणि ते प्रोग्रामिंग न येणारा परंतु व्याकरण जाणणारा विद्यार्थी करू शकतो. आपल्या भाषेचे ज्ञान हे येथे उणेपण नसून पात्रता ठरते.

वेळेच्या बाबतीतही महाविद्यालयास काही करता येईल. संस्थांच्या याद्या फेब्रुवारीत येतात म्हणून त्या महिन्यात जागे होण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत एखादे साधन वापरून, त्याची माहितीपुस्तिका वाचून काम सुरू झाले, तर मार्चपर्यंत विद्यार्थ्याजवळ प्रस्तावात लिहिण्यासारखे काहीतरी स्वतःचे असेल. नसली निवड झाली, तरी ते त्याच्याजवळच राहील.

८. निष्कर्ष

१. मुक्तस्रोत मार्गदर्शन उपक्रम हे स्वरूपतः शिकाऊ उमेदवारीचे आहेत. त्यांना स्पर्धा परीक्षेच्या साच्यात बसवल्याने विद्यार्थ्याचे शिकणे आणि प्रकल्पांचे काम या दोहोंची हानी होते.

२. प्रारंभ मोठ्या प्रस्तावापासून नव्हे, तर स्वतः वापरत असलेल्या साधनातील लहान, तपासता येण्याजोग्या दुरुस्तीपासून व्हावा. असा बदल स्वीकारला गेल्यास निवडीच्या निकालाने त्याचे मूल्य कमी होत नाही.

३. दार उघडे असणे पुरेसे नसते, हे २००६च्या नोम प्रकल्पाच्या अनुभवाने दाखवून दिले. मोबदला, वेळापत्रक आणि भाषा यांतील विषमतेची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकता येत नाही.

४. महाविद्यालयाने निवडलेल्यांची संख्या मोजण्याऐवजी केलेले काम वाचावे. हजारो प्रस्तावांपैकी जे नाकारले जातात, त्यांत आपल्याही विद्यार्थ्यांचे प्रस्ताव असतात. त्या विद्यार्थ्यांच्या हाती काही उरले आहे की नाही, हे उपक्रमाचा आयोजक पाहू शकत नाही. ते पाहणे शिक्षकाच्याच हाती आहे.